येशूबद्दल सांगायचं म्हटलं की ज्यांची जीभ अडखळते त्यांच्यासाठी

रविवारी सुवार्तेवर संदेश झाला की आपण सगळे माना डोलावतो, आमेन म्हणतो, आणि ऑफिसात शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला मात्र आपण कुणावर विश्वास ठेवतो हे वर्षानुवर्षं माहीत नसतं. मत्तय 28 मधलं जाऊन शिष्य करा हे वचन पाठ असतं, प्रेषितांची कृत्ये 1:8 मधलं तुम्ही माझे साक्षी व्हाल हेही पाठ असतं, पण तोंड उघडायचं कसं, पहिलं वाक्य काय, समोरचा वैतागला तर काय करायचं, हे कुणी जवळ बसून शिकवत नाही. मी स्वतः बरीच वर्षं गप्प होते आणि त्यानंतर काही वर्षं चुकीचं बोलले, म्हणून हे लिहितेय, ज्यांना मनापासून सांगायचं असतं पण जमत नाही अशांसाठी. ज्यांना स्टेजवरून बोलता येतं त्यांना याची गरज नाही.

पहिली गोष्ट म्हणजे "साक्षी" हा शब्द घट्ट धरून ठेवा. स्वर्गात जाताना येशूनं शिष्यांना हा शब्द दिला. वकिलाचं काम दिलं नाही आणि न्यायाधीशाचंही दिलं नाही. साक्षीदार म्हणजे ज्यानं पाहिलं तो, जेवढं पाहिलं तेवढं त्यानं खरं खरं सांगायचं आणि खाली बसायचं. योहान 9 मधला जन्मापासून आंधळा असलेला माणूस बघा, परूशी, म्हणजे त्या काळचे कडक धर्मपुढारी, त्याला परत परत बोलावून विचारतात की तो येशू पापी आहे हे आम्हाला ठाऊक आहे, तू काय म्हणतोस, आणि हा सरळ म्हणतो की तो पापी आहे का ते मला माहीत नाही, मला एकच माहीत आहे, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतंय. गंमत अशी की तोपर्यंत त्यानं येशूचा चेहरासुद्धा पाहिला नव्हता, कारण त्याला दिसायला लागलं ते शिलोह तळ्यावर डोळे धुतल्यावर, आणि येशू त्याला परत भेटला तो या सगळ्या चौकशीनंतर. म्हणजे बायबल कॉलेज सोडाच, त्याला येशू कोण हेही धड सांगता येत नव्हतं, तरी त्याची साक्ष आज दोन हजार वर्षं आपण वाचतोय. तुम्हाला सगळी उत्तरं येईपर्यंत थांबायचं असेल तर तुम्ही कधीच बोलणार नाही.

सुरुवात कुठून करायची

कागद घ्या आणि तीन नावं लिहा. दहा नाही, तीनच, कारण दहा नावांसाठी आपण चार दिवस प्रार्थना करतो आणि मग ती यादी वहीत पडून राहते. तुम्हाला आधीपासून ओळखणारी माणसं घ्या. मार्क 5 मध्ये ज्या माणसातून भुतं निघाली त्यानं येशूच्या मागे जायची परवानगी मागितली, आणि येशूनं त्याला नाही म्हटलं, आपल्या घरी आपल्या माणसांकडे जा आणि प्रभूनं तुझ्यासाठी काय केलं ते सांग असं म्हणून परत पाठवलं. घरच्यांनाच का, तर त्यांनी त्याला आधी पाहिलेलं होतं, थडग्यांमध्ये ओरडत फिरणारा, दगडांनी अंग ठेचून घेणारा. फरक त्यांना दिसणार होता. तुमच्यातला फरकही रोज बघणाऱ्यालाच दिसणार आहे, आणि फरक नसेल तर तेही त्यालाच दिसणार आहे, त्यामुळे घरापासून सुरुवात करणं सगळ्यात अवघड वाटतं, हे मी मान्य करते.

त्या तिघांसाठी रोज नाव घेऊन प्रार्थना करा, आणि नुसतं "प्रभू त्याला तार" एवढंच नको. त्याची परीक्षा, तिचं पाठदुखीचं दुखणं, त्यांच्या घरातलं भांडण, जे माहीत असेल ते देवापुढे ठेवा. असं केलं की एक होतं, तुम्हाला त्या माणसाची खरोखर काळजी वाटायला लागते, आणि काही माहीत नसेल तर लक्षात येतं की आपण या माणसाशी नीट बोलतच नाही. मग बोला. आधी त्याचं ऐका.

हे ऐकण्याचं मी जरा सविस्तर सांगते कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झालीय. माझ्या एका सहकारी मैत्रिणीचे वडील अचानक गेले. आठवड्यानं ती कामावर परत आली तेव्हा जिन्यात आम्ही दोघीच होतो, आणि ती सांगायला लागली की शेवटच्या दिवशी दुपारी वडिलांचा फोन आला होता, ती मीटिंगमध्ये होती म्हणून तिनं कट केला, नंतर करते म्हणून. एवढं बोलून ती क्षणभर थांबली आणि मला वाटलं हीच वेळ आहे, देवानं दार उघडलंय, आणि मी सुरू झाले, पुनरुत्थान, सार्वकालिक जीवन, योहान 11, मार्था आणि मरिया, सगळं. ती माझ्याकडे बघत होती, मग फोनकडे बघायला लागली, मग "हो गं, बरोबर आहे तुझं" म्हणून खाली निघून गेली. त्या संध्याकाळी मी प्रार्थना गटात सांगितलं की आज मला साक्ष देता आली. दोन महिन्यांनी तिनंच सांगितलं, "त्या दिवशी मला तो कट केलेला फोन कुणाला तरी सांगायचा होता. तुला सांगितला आणि तू मला उत्तर दिलंस."

मी ज्या योहान 11 चा दाखला देत होते त्याच अध्यायात येशू मरियेला रडताना बघून काही समजावून सांगत नाही, तो रडतो. तिचा मेलेला भाऊ लाजर उठणार आहे हे त्याला ठाऊक होतं तरी रडतो. हे वचन माझ्या तोंडात होतं पण माझ्या डोक्यात नव्हतं.

म्हणून आता माझा स्वतःपुरता नियम आहे, दुःखातला माणूस बोलत असेल तर वचन सांगायचं नाही जोपर्यंत तो विचारत नाही. सोबत बसायचं, काम वाटून घ्यायचं, आठवड्यानं परत विचारायचं. आणि एरवीही प्रश्न विचारायला शिका. येशू किती प्रश्न विचारायचा बघा. योहानाच्या शुभवर्तमानात त्याच्या तोंडचं पहिलंच वाक्य प्रश्न आहे, तुम्ही काय शोधता? बेथेसदा तळ्याजवळच्या माणसाला, तुला बरं व्हायचंय का? बार्तीमयाला, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आंधळ्याला काय हवं असणार हे कुणीही सांगेल, तरी तो विचारतो. तुम्हीही विचारा, तुझा देवावर विश्वास आहे का, लहानपणी घरात प्रार्थना व्हायची का, कठीण दिवसांत तू कशावर उभा राहतोस, आणि विचारून झाल्यावर गप्प राहा, पूर्ण उत्तर ऐका, मध्ये आपला मुद्दा घुसवू नका.

अजून एक, शोमरोनी बाईची गोष्ट आपण नेहमी जिवंत पाण्यासाठी वाचतो पण सुरुवात बघा, योहान 4 मध्ये येशू दमलेला आहे, तहानलेला आहे, आणि तो तिच्याकडे पाणी मागतो. देणाऱ्याच्या जागेवरून बोलणं सुरू होत नाही, मागणाऱ्याच्या जागेवरून होतं. आपण विश्वासणारे लोक दुसऱ्यांना मदत करायला पटकन पुढे होतो पण त्यांच्याकडून मदत घेत नाही, आणि मग आपलं नातं कायम वरून खाली असं राहतं. शेजाऱ्याकडे काहीतरी मागा, अडलेलं काम सांगा, त्याला येतं आणि तुम्हाला येत नाही ते शिकून घ्या.

आपली गोष्ट तयार ठेवा

हे काम एका संध्याकाळी बसून करता येतं आणि प्रत्येकानं करावं असं मला कळकळीनं वाटतं. 1 पेत्र 3:15 सांगतं की तुमच्या आशेबद्दल कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यतेनं आणि आदरानं द्या. तयार म्हणजे तयारी केलेले. नमुना हवा असेल तर प्रेषितांची कृत्ये 26 उघडा, पौल अग्रिप्पा राजासमोर बोलतोय, आणि त्याचे सरळ तीन भाग पडतात: आधी मी कसा होतो, मग दिमिष्काच्या, म्हणजे दमास्कसच्या, वाटेवर येशू कसा भेटला, आणि तेव्हापासून मी काय करतोय. मोठ्यानं वाचलं तरी चार-पाच मिनिटांत होतं. दिमिष्काची हीच घटना त्या पुस्तकात तीनदा येते, 9 व्या, 22 व्या आणि 26 व्या अध्यायात, आणि 22 आणि 26 मध्ये पौल स्वतः सांगतो ते समोर कोण आहे ते बघून सांगतो, जमावापुढे वेगळा भर, राजापुढे वेगळा.

तुमचीही अशी लिहा. पहिल्या भागात पापांची लांबलचक यादी नको, एक ठोस गोष्ट घ्या. "मी खूप रागीट होते" असं लिहिलं तर कुणाला काही दिसत नाही, पण "मी मुलाच्या अभ्यासाच्या वह्या फाडल्या होत्या आणि नंतर बाथरूमचं दार लावून रडत बसले होते" असं लिहिलं तर दिसतं. दुसऱ्या भागात येशू हवा. हे मुद्दाम सांगते कारण पुष्कळ साक्षींमध्ये चर्च असतं, पास्टर असतात, संगती असते, शांती मिळते, आणि येशूचं नावच येत नाही, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की हिला चांगली माणसं भेटली. तिसऱ्या भागात खोटं बोलू नका. आता सगळं छान आहे असं नसतं, अजूनही राग येतो, फक्त आता माफी मागता येते, असं असेल तर असंच सांगा. लिहून झालं की फोनवर टायमर लावून मोठ्यानं बोलून बघा, तीन मिनिटांत बसवा, आणि मग कागद ठेवून द्या, पाठ केलेलं बोलू नका.

ज्यांचा जन्मच विश्वासू घरात झाला त्यांना वाटतं आपल्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही, ना व्यसन, ना चमत्कार. अहो, पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याला विश्वास आजीकडून आणि आईकडून मिळाला होता, लोईस आणि युनीके, पौलानं त्यांची नावं घेऊन लिहिलंय. लहानपणापासून ऐकलेलं कधी आणि कुठे तुमचं स्वतःचं झालं, कुठल्या रात्री खरं वाटलं, कुठल्या वर्षी शंका आल्या आणि तरी धरून राहिलात, ती तुमची गोष्ट आहे.

आता भाषा. आपली मंडळीची एक भाषा असते आणि ती आपल्याला ऐकूच येत नाही. तारण, अनुग्रह, नीतिमान ठरणे, कोकऱ्याचं रक्त, नवा जन्म, प्रभूनं ओझं दिलं, अभिषेक. हे शब्द खोल आहेत, मला प्रिय आहेत, पण बाहेरच्या माणसाला त्यातून काही कळत नाही. इंग्लिश मिशनरी विल्यम केरी 1793 साली बंगालमध्ये आला तो आधी तिथली भाषा शिकायला बसला, 1801 मध्ये बंगाली नवा करार छापला, आपल्या मराठीचं व्याकरणही त्यानं 1805 मध्ये छापलं, एवढे कष्ट कशासाठी तर समोरच्याला त्याच्या बोलीत कळावं म्हणून. आपल्याला तर बोली येतेच, फक्त ती चर्चच्या दाराबाहेर वापरायची आहे. एक प्रयोग करा, "मला तारण मिळालं" हे वाक्य तो शब्द न वापरता सांगून बघा. मी असं म्हणते, "ज्यातून मी स्वतःला सोडवू शकत नव्हते त्यातून देवानं मला सोडवलं, आणि त्याची किंमत येशूनं भरली." वेळ लागतो पण जमतं, आणि असं करताना आपल्यालाही कळतं की कुठला शब्द आपण नुसता वापरत होतो.

मूळ निरोप काय

आपली साक्ष वेगळी आणि सुवार्ता वेगळी, दोन्ही लागतात. सुवार्तेचा गाभा 1 करिंथ 15:3-4 मध्ये पौल दोन ओळींत देतो, शास्त्राप्रमाणे ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, त्याला पुरलं, आणि तिसऱ्या दिवशी तो उठवला गेला. साध्या बोलण्यात मी एवढंच सांगते: देवानं आपल्याला त्याच्याबरोबर राहण्यासाठी केलं, आपण त्याच्याकडे पाठ फिरवली आणि त्याचे परिणाम आपल्यात आणि आजूबाजूला दिसतात, आपण कितीही चांगलं वागून ते नातं परत जोडू शकत नाही, म्हणून देव स्वतः येशूमध्ये आला, आपलं पाप त्यानं स्वतःवर घेतलं, मेला, आणि खरोखर उठला, आणि आता तो प्रत्येकाला बोलावतो की माझ्याकडे वळ, माझ्यावर विश्वास ठेव. दीड मिनिट. यातलं वधस्तंभ आणि पुनरुत्थान गाळू नका, समोरच्याला बरं वाटावं म्हणून नुसतं "देव प्रेम करतो" एवढ्यावर थांबू नका, कारण मग तुम्ही त्याला काही नवीन सांगितलंच नाही.

आणि हे सगळं एकाच भेटीत ओतायची गरज नाही. फिलिप्पाची गोष्ट मला पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते, कृत्ये 8. यरुशलेमहून गज्जाकडे जाणारा रानातला रस्ता, आफ्रिकेतल्या कूश देशाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचतोय, फिलिप्प धावत रथाजवळ जातो, त्याचं वाचणं ऐकतो आणि एकच विचारतो, वाचताय ते समजतंय का? तो म्हणतो, कुणी सांगितल्याशिवाय कसं समजणार, आणि त्याला वर बसायला बोलावतो. बोलावल्यावर मग फिलिप्प चढतो. आणि तो माणूस जिथे वाचत होता तिथूनच सुरू करतो, आपला ठरलेला मुद्दा बाजूला ठेवून. जवळ जाणं, ऐकणं, एक प्रश्न, बोलावण्याची वाट, आणि त्याच्या पानापासून सुरुवात. मला याहून चांगली पद्धत माहीत नाही.

भीती वाटते त्याचं काय? वाटणारच, मला आजही वाटते, हात गार पडतात. 1855 च्या एप्रिलमध्ये बॉस्टनमध्ये एडवर्ड किंबल नावाचा संडेस्कूल शिक्षक आपल्या वर्गातल्या अठरा वर्षांच्या मुलाला भेटायला एका चपलांच्या दुकानाकडे निघाला, जाऊ की नको या विचारात दुकान मागे पडलं, परत फिरला, आत गेला, मुलगा मागच्या बाजूला बूट कागदात गुंडाळत होता, याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ख्रिस्ताच्या प्रेमाबद्दल काहीतरी बोलला. काय बोललो ते त्याला नंतर आठवतही नव्हतं, फार कच्चं बोललो एवढंच आठवत होतं. तो मुलगा म्हणजे डी. एल. मूडी, पुढे लाखो लोकांनी ज्याची प्रवचनं ऐकली. तुमच्या वर्गात मूडी असेलच असं मी म्हणत नाहीये, पण दुकान मागे पडलं तर परत फिरता येतं.

बोलणं ज्यांना अगदीच जमत नाही त्यांनी येशूचा शिष्य अंद्रिया याच्यासारखं करावं. त्याचं एकही प्रवचन बायबलमध्ये नाही, पण त्यानं आपल्या भावाला, शिमोनाला, येशूकडे आणलं, पाच भाकरी आणि दोन मासे असलेल्या मुलाला त्यानंच पुढे केलं, येशूला भेटायला आलेल्या हेल्लेणी, म्हणजे ग्रीक, लोकांचा निरोपही फिलिप्पाबरोबर (हा वेगळा फिलिप्प, बारा शिष्यांतला) त्यानंच नेला. आणणं हीसुद्धा साक्षच आहे. "मी योहानाचं शुभवर्तमान वाचतेय, माझ्याबरोबर वाचशील का, 21 अध्याय आहेत, रोज एक" एवढं विचारायला वक्तृत्व लागत नाही. वाचताना शिकवायला जाऊ नका, प्रत्येक अध्यायानंतर दोनच प्रश्न, यात येशू कसा माणूस वाटला, आणि कुठे खटकलं.

अवघड प्रश्न येणार. देव आहे तर निष्पाप मुलं का मरतात, चर्चमधले लोक एवढे ढोंगी का, सगळे धर्म शेवटी एकच सांगतात ना. प्रत्येक प्रश्नामागे एक माणूस असतो, आणि बऱ्याचदा एक घटना असते, म्हणून आधी विचारा की हा प्रश्न तुला कशामुळे पडला. ढोंगाबद्दल कुणी बोललं तर बचाव करू नका, जे चुकीचं आहे ते चुकीचं म्हणा, येशूनं ढोंगी धार्मिक लोकांना जेवढं सुनावलं तेवढं कुणालाच सुनावलं नाही. सगळे मार्ग सारखे या प्रश्नावर वाद घालायला उतरू नका, पण खोटं होय-होयही म्हणू नका, मी शांतपणे सांगते की येशूनं स्वतःबद्दल योहान 14:6 मध्ये मार्ग मीच आहे असं जे म्हटलंय ते मी खरं मानते, आणि तुला ते न पटण्याचा पूर्ण हक्क आहे. आणि येत नसेल तेव्हा "मला माहीत नाही, बघून सांगते" म्हणा. मग खरंच बघा आणि खरंच परत जाऊन सांगा, तेवढ्यानं लोकांचा जो विश्वास बसतो तो हुशारीच्या उत्तरानं बसत नाही.

काही गोष्टी कधीच करायच्या नाहीत, आणि इथे मी कडक आहे. दुसऱ्याच्या देवाला, श्रद्धेला, आईवडिलांच्या संस्कारांना नावं ठेवायची नाहीत. पौल अथेन्समध्ये मूर्ती बघून आतून पेटला होता, तरी बोलायला उभा राहिला तेव्हा तुम्ही देवभक्त आहात असं म्हणून सुरुवात केली आणि त्यांच्याच कवींची ओळ घेतली. पैसा, नोकरी, शाळेतला प्रवेश, औषध, कसलंच आमिष विश्वासाला जोडायचं नाही. मदत करायची तर ती कुणालाही करायची आणि बदल्यात काहीच मागायचं नाही. भाकरी खाल्ली म्हणून मागे आलेल्या लोकांना येशूनंच योहान 6 मध्ये तसं तोंडावर सांगितलं होतं. आजाऱ्याला "प्रार्थना केली की नक्की बरं होईल, गोळ्या बंद कर" असं सांगणं हा गुन्हाच आहे माझ्या मते. लहान मुलांना त्यांच्या पालकांच्या पाठीमागे काही शिकवायचं नाही. तुम्ही साहेब असाल तर हाताखालच्या माणसाला नाही म्हणायची भीती वाटेल अशा जागी धरायचं नाही. आणि राहता त्या देशाचा कायदा नीट माहीत करून घ्या.

फोनवर वचनांचे फोटो रोज शंभर जणांना फॉरवर्ड करणं याला मी साक्ष मानत नाही, माफ करा. लोक न उघडता पुढे जातात, काही जण तुम्हाला म्यूट करतात. त्यापेक्षा एका माणसाला एक मेसेज, "काल तुझ्या आईच्या तपासणीसाठी प्रार्थना केली, रिपोर्ट आला का?" आणि रिपोर्ट वाईट आला तरी उत्तर देण्याची हिंमत ठेवा. समोरासमोर असाल तर विचारा, आत्ता तुझ्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का. नको म्हटलं तर ठीक. हो म्हटलं तर चार वाक्यांत संपवा, साध्या भाषेत, आणि त्या प्रार्थनेत प्रवचन घुसवू नका.

आणि तो नाही म्हणाला तर?

अथेन्समध्ये पौलाचं बोलणं संपलं तेव्हा काहींनी चेष्टा केली, काही म्हणाले पुन्हा कधीतरी ऐकू, आणि काहींनी विश्वास ठेवला, त्यात दियनुस्य आणि दामारी ही दोन नावं लिहिलेली आहेत. पौल बोलला तरी असंच झालं. श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला तेव्हा येशू त्याच्या मागे धावला नाही, अटही कमी केली नाही, पण मार्क लिहितो की येशूनं त्याच्याकडे बघून त्याच्यावर प्रीती केली. त्यामुळे मैत्री चालू ठेवा, वाढदिवसाला फोन करा, आजारपणात जा, विषय परत परत काढू नका. मी लावलं, अपुल्लोसानं पाणी घातलं, पण वाढवलं देवानं, असं पौल आपल्याबद्दल आणि अपुल्लोस या दुसऱ्या प्रचारकाबद्दल म्हणतो, आणि आपल्या वाट्याला यातलं कुठलं काम आलंय हे बऱ्याचदा आपल्याला कळतही नाही. केरीला पहिला बाप्तिस्मा बघायला 1800 चा डिसेंबर उजाडला, सात वर्षं.

आईबापांना हे सगळ्यात जड जातं, मुलं विश्वासापासून दूर गेलेली असतात आणि प्रत्येक फोनवर चर्चला गेलास का हे विचारल्याशिवाय राहवत नाही. पुढे चर्चचा मोठा शिक्षक झालेला ऑगस्टीन, त्याची आई मोनिका अशीच एका बिशपकडे गेली होती की माझ्या मुलाशी बोला, त्याला समजवा. बिशप म्हणाले, त्याला सध्या सोड, फक्त त्याच्यासाठी प्रार्थना कर. ती ऐकेना, रडतच राहिली, तेव्हा ते म्हणाले की एवढ्या अश्रूंचा मुलगा वाया जाणं शक्य नाही. हे ऑगस्टीननं स्वतःच लिहून ठेवलंय. 387 मध्ये मिलानला त्याचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच वर्षी मोनिका गेली. बोलू नका असं सांगणारा सल्लाही कधीकधी देवाकडून येतो.

आणि कुणी हो म्हणालं तर तिथे काम संपत नाही, खरं तर त्याला एकटं सोडायचं नाही हेच मोठं काम आहे. प्रिस्किल्ला आणि अक्विला या जोडप्यानं अपुल्लोसाला आपल्याकडे घेतलं आणि देवाचा मार्ग नीट समजावून सांगितला. त्याच्याबरोबर वाचा, प्रार्थना करायला शिकवा, चांगली मंडळी शोधून द्या, पहिल्या काही रविवारी स्वतः शेजारी बसा. बाप्तिस्म्याची घाई तुमच्या समाधानासाठी करू नका, तो पाळकांशी आणि स्वतःशी बोलून ठरवेल. घरच्यांशी नातं तोड असं कधीही सांगू नका, उलट घरी तो आधीपेक्षा चांगला मुलगा, चांगली सून म्हणून दिसला पाहिजे.

माझी ती जिन्यातली मैत्रीण, तिची मी माफी मागितली होती. त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी तिच्याशी विश्वासाबद्दल काहीच बोलले नाही, फक्त ऐकायचे, आणि तिच्या वडिलांचा तो फोन मी पुढे चार-पाच वेळा तरी ऐकला असेन. मग एकदा तिनंच विचारलं की तू कशी शांत राहतेस, खरं सांग, आणि मी खरं सांगितलं, शांत नसते त्या दिवसांचंही सांगितलं. सध्या आम्ही दोघी फोनवर योहान वाचतोय, रोज रात्री एक अध्याय ठरलं होतं पण आठवड्यात दोन होतात. तिनं काही ठरवलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. काल नववा अध्याय झाला. तिला तो आंधळा माणूस आवडला, पण ती अडली ती त्याच्या आईबापांपाशी, परूशी विचारतात आणि ते घाबरून म्हणतात की आम्हाला माहीत नाही, तो मोठा आहे, त्यालाच विचारा. "आयुष्यभर ज्याला हात धरून नेलं त्याला दिसायला लागलं आणि ते त्याच्या बाजूनं उभे राहिले नाहीत, असं कसं गं?" म्हणाली. मला पटकन उत्तर सुचलं होतं, पण मी ते दिलं नाही. उद्या तोच अध्याय परत वाचायचा असं ठरलंय.